लेथवरील मध्यछिद्र : लेखणी घडविण्याची पहिली पायरी

लेखणी हातात घेतली की तिचा रंग, झळाळी आणि आकार यांकडे प्रथम लक्ष जाते. तिच्या पोटातील पोकळी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. परंतु लेखणी घडविणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ही पोकळीच सर्वांत महत्त्वाची असते. लाकडाच्या किंवा एबोनाइटच्या कांडीत लांबीच्या दिशेने, मधोमध आणि सरळ छिद्र पाडणे हे लेखणीच्या घडणीतील पहिले मोठे काम होय. ते साधले तर पुढील कामे सुकर होतात. ते बिघडले तर चांगली कांडी वाया जाते आणि तिच्याबरोबर कारागिराचा वेळही जातो.

कातारकाम महाराष्ट्राला अपरिचित नाही. सावंतवाडीची लाखेच्या रंगांनी सजलेली लाकडी खेळणी ही या राज्याची ओळखच आहे. लाकूड फिरते ठेवून त्याला हत्याराने आकार देण्याची कला येथील कातारी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. लेखणी घडविण्याचा उद्योग हा याच कलेचा एक विस्तार आहे. त्यासाठी लागणारा लेथ लहान असला तरी चालतो, जागा थोडी पुरते आणि कच्चा माल म्हणून सुतारांच्या कारखान्यात उरलेले साग, शिसव, बाभूळ यांचे तुकडेही उपयोगी पडतात. मात्र या कामात नफा आणि नासाडी यांच्यामधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे लागते.

वर्धा आणि राजमुंद्री

लेथवर घडविलेल्या स्वदेशी लेखणीच्या इतिहासाचा एक धागा वर्ध्याशी जोडलेला आहे. ग्रामोद्योगांना उत्तेजन देण्यासाठी १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे मुख्य केंद्र होते आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते होते. आंध्रातील राजमुंद्री, म्हणजे आजचे राजमहेंद्रवरम, येथे के. व्ही. रत्नम यांनी १९३२ च्या सुमारास फाउंटन पेने बनविण्यास सुरुवात केली होती. १९३५ साली त्यांचे एक पेन कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोहोचले. ते वापरून पाहिल्यावर गांधीजींनी त्यांना पत्र पाठवून आभार मानले. परदेशी पेनांना पर्याय ठरू शकेल अशी वस्तू एका लहान कार्यशाळेत निर्माण होऊ शकते, हे यावरून सिद्ध झाले.

त्या काळी पेनांसाठी एबोनाइट मोठ्या प्रमाणावर वापरले जाई आणि आजही दक्षिण भारतातील काही कार्यशाळांत एबोनाइटच्या दांड्यांपासून लेथवर पेने घडविली जातात. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक मिसळून व ते दीर्घकाळ तापवून तयार केलेले कठीण रबर होय. नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. हा पदार्थ वजनाने हलका असतो, शाईने खराब होत नाही आणि लेथवर उत्तम कातला जातो. लाकूड असो वा एबोनाइट, छिद्र पाडण्यामागील तत्त्व मात्र एकच आहे.

लेथवरच छिद्र का पाडावे?

छिद्र दोन प्रकारे पाडता येते. उभ्या ड्रिलिंग मशीनवर वस्तू स्थिर असते आणि ड्रिल फिरत खाली येते. लेथवर याच्या उलट घडते. डावीकडील हेडस्टॉकमध्ये बसविलेल्या चकात कांडी घट्ट पकडलेली असते व ती स्वतःभोवती फिरते. उजवीकडील टेलस्टॉकमध्ये ड्रिल स्थिर धरलेले असते आणि टेलस्टॉकचे चाक फिरवून ते सावकाश पुढे सरकविले जाते.

वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो, पण परिणामात तो फार मोठा आहे. लाकडाचे रेषे सर्वत्र सारखे नसतात. कोठे गाठ असते, कोठे वर्षवलयांचा कठीण थर आडवा येतो. ड्रिल फिरत असून लाकूड स्थिर असेल, तर कठीण भागाला टेकताच ड्रिलचे टोक मऊ बाजूकडे सरकते आणि एकदा धरलेल्या वाकड्या मार्गानेच ते पुढे जाते. लेथवर कांडीच फिरत असल्यामुळे तो कठीण भाग क्षणात एका बाजूला तर क्षणात दुसऱ्या बाजूला असतो. ड्रिलला एकाच दिशेला ढकलणारा जोर टिकून राहत नाही आणि त्याचे टोक फिरण्याच्या अक्षाकडे परत येते. फिरणाऱ्या वस्तूचा अक्ष हाच तिचा खरा मध्य होय आणि लेथ तो आपोआप उपलब्ध करून देतो.

असे असले तरी लेथ सर्व चुका सुधारू शकत नाही. आरंभीच ड्रिल अक्षाच्या बाजूला टेकले तर ते लवते, तोंडाशी छिद्र घंटेच्या आकाराचे रुंद होते आणि त्याचे माप बिघडते. म्हणूनच ड्रिल कांडीला टेकविण्यापूर्वीची तयारी ही प्रत्यक्ष छिद्र पाडण्याइतकीच महत्त्वाची ठरते.

पूर्वतयारी

पहिली तपासणी लेथची करावयाची असते. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक या दोहोंत टोकदार सेंटर बसवून ती एकमेकांजवळ आणावीत. दोन्ही टोके वरून पाहता व बाजूने पाहता एकमेकांसमोर अचूक आली, तर दोहोंचा अक्ष एक आहे असे समजावे. टोके चुकत असतील तर टेलस्टॉक समायोजित करावा. सेंटर व ड्रिलचा चक ज्या निमुळत्या खाचेत बसतात, तेथे भुशाचा कण जरी राहिला तरी ड्रिल तिरके बसते. म्हणून ती जागा प्रत्येक वेळी पुसून घ्यावी.

दुसरी तयारी कांडीची असते. लाकूड पूर्ण सुकलेले असावे, कारण ओल्या लाकडातील छिद्र सुकताना आकसते व लंबवर्तुळाकार होते. कांडीचे टोक तिच्या लांबीशी काटकोनात कापलेले आहे की नाही, हे गुण्या लावून पाहावे. तिरप्या टोकावर ड्रिल घसरते. चौकोनी कांडीसाठी चार जबड्यांचा चक योग्य असतो, कारण तीन जबड्यांच्या चकात चौकोन नीट मावत नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन रेषा काढल्या की त्या जेथे छेदतात तो मध्यबिंदू होय. कांडी चकात बसवून हाताने फिरवावी. हा बिंदू जागीच फिरत असेल तर कांडी मध्यावर आहे. तो लहानसे वर्तुळ काढत असेल तर जबडे सैल-घट्ट करून तो स्थिर करावा.

तिसरी तयारी ड्रिलची असते. सर्वसाधारण ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो आणि त्याला दोन धारा असतात. या दोन धारा समान लांबीच्या व समान उताराच्या असणे आवश्यक आहे. एक धार लांब असेल तर ७ मि.मी.चे ड्रिलही ७ मि.मी.हून मोठे छिद्र पाडते. नव्या ड्रिलवर धार लावताना नवशिक्यांकडून नेमकी हीच चूक होते.

छिद्राची कृती

प्रारंभी लांब ड्रिल वापरू नये. सेंटर ड्रिल नावाचे आखूड, जाड व न लवणारे ड्रिल लावून कांडीच्या तोंडाशी लहानशी खळगी पाडावी. ही खळगी नंतरच्या ड्रिलला योग्य ठिकाणी बसविते. यानंतर मुख्य ड्रिल बसवावे. सर्वसामान्य बारीक बॉलपेनासाठी ७ मि.मी. व्यासाची पितळी नळी वापरतात, त्यामुळे ड्रिलही त्याच मापाचे लागते. कठीण लाकडासाठी मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे ठेवले तर काम शांतपणे होते.

सुमारे १० मि.मी. आत गेल्यावर ड्रिल पूर्ण बाहेर काढून त्याच्या नागमोडी खाचांतील भुसा झटकावा आणि पुन्हा आत न्यावे. जसजशी खोली वाढेल तसतसे हे अंतर कमी करावे. भुसा आत कोंडला की घर्षण वाढते, ड्रिल तापते, शिसवीसारखे तेलकट लाकूड तडकते आणि ड्रिल बाजूला ढकलले जाते. चाक फिरविताना जोर वाढवावा लागला, तर ड्रिल बोथट झाले आहे किंवा भुसा अडकला आहे असे समजून थांबावे.

ड्रिल दुसऱ्या टोकातून बाहेर पडताना शेवटचा पातळ थर फुटून ढलप्या निघण्याचा संभव असतो. यावर सोपा उपाय आहे. कांडी गरजेपेक्षा थोडी लांब घ्यावी, ड्रिल आरपार जाण्यापूर्वी थांबवावे आणि उरलेले टोक करवतीने कापून टाकावे. छिद्र उघडे होते आणि काठ अभंग राहतो.

एबोनाइटच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. हा पदार्थ उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे गंधकाचा उग्र वास येऊ लागताच काम थांबवून ड्रिल थंड होऊ द्यावे. दुसरे असे की, शाई साठविणाऱ्या पेनाच्या दांडीतील छिद्र आरपार नसते. आत शाईसाठी अरुंद व खोल छिद्र, तर तोंडाशी आटे पाडण्यासाठी रुंद छिद्र अशी त्याची पायऱ्यांसारखी रचना असते. ही छिद्रे व आटे शक्यतो एकाच पकडीत, म्हणजे दांडी चकातून न काढता, पूर्ण करावेत. त्यामुळे सर्वांचा अक्ष एकच राहतो. दांडी मध्येच काढून पुन्हा बसविली तर अक्ष किंचित बदलतो आणि तयार पेनाचे तोंड व दांडी एका रेषेत येत नाहीत.

आधी छिद्र, मग रूप

येथे एक शंका स्वाभाविक आहे. कांडी बाहेरून कातून गोल करावयाचीच आहे, तर छिद्र जरा बाजूला पडल्याने काय बिघडते? या शंकेत तथ्य आहे. लाकडी लेखणीच्या छिद्रात पितळी नळी चिकटविल्यावर ती नळी मँड्रेल नावाच्या पोलादी दांड्यावर बसविली जाते आणि कांडी त्या दांड्याभोवती कातली जाते. म्हणजे छिद्राचा अक्ष हाच पुढे लेखणीचा अक्ष होतो. बाहेरचा गोलावा छिद्राच्या अनुरोधाने येतो. त्यामुळे कांडी जाड असेल तर थोडे बाजूला पडलेले छिद्र खपून जाते.

प्रश्न असा की, या जाडीची किंमत कोण देतो? प्रचलित कांडी सुमारे १९ मि.मी. चौरस असते. तयार लेखणीचा व्यास ८.४ मि.मी. धरला, तर अक्ष ५ मि.मी.हून अधिक सरकला तरी लेखणी निघू शकते. उरलेले सर्व लाकूड भुसा होऊन जमिनीवर पडते. हीच कांडी १२ मि.मी. चौरस घेतली, तर अक्षाला सरकण्यास केवळ १.८ मि.मी. वाव उरतो. लेखणीच्या एका भागाची लांबी ५५ मि.मी. धरली, तर ड्रिलच्या मार्गात १ अंशाचा कल आल्यास दुसऱ्या टोकाशी सुमारे १ मि.मी. फरक पडतो व तो चालू शकतो. कल २ अंशांचा झाला तर फरक १.९ मि.मी. होतो आणि कांडी वाया जाते.

आता लाकडाचा हिशेब पाहू. करवतीच्या कापात २ मि.मी. जातात असे धरले, तर ४२ मि.मी. चौरस ठोकळ्यातून १९ मि.मी.च्या कांड्या ४ निघतात. त्याच ठोकळ्यातून १२ मि.मी.च्या कांड्या ९ निघतात. सरळ रेष्यांचे लाकूड आणि सरळ छिद्र पाडणारा हात असेल, तर तेवढ्याच लाकडातून लेखण्यांची संख्या दुपटीहून अधिक होते. छिद्राची अचूकता ही केवळ कौशल्याची बाब राहत नाही, ती थेट कारागिराच्या उत्पन्नाशी आणि लाकडाच्या बचतीशी निगडित होते.

छिद्राचे मापही तितकेच महत्त्वाचे आहे. ७ मि.मी.च्या नळीवर ८.४ मि.मी. व्यासापर्यंत कातलेल्या लाकडाची भिंत अवघी ०.७ मि.मी. जाड असते. छिद्र ७.३ मि.मी.चे झाले तर ही भिंत ०.५५ मि.मी. राहते आणि तिच्या व नळीच्या मधील पोकळी केवळ गोंदाने भरून निघते. अशी भिंत कातताना पटकन ढलपते. दोन रंगांची लाकडे जोडून नक्षी केलेल्या कांडीत तर छिद्र किंचित सरकले तरी नक्षी एका बाजूला जाड व दुसऱ्या बाजूला बारीक दिसते.

सुरक्षितता

लेथवर काम करताना सैल बाह्या, उपरणे, ओढणी, अंगठी व हातमोजे कटाक्षाने टाळावेत. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर फडके असावे, कारण शिसवीसारख्या लाकडांच्या भुशाने अनेकांना शिंका, खाज असा त्रास होतो. चक घट्ट करण्याची चावी चकात कधीही ठेवू नये. यंत्र सुरू होताच ती वेगाने भिरकावली जाते. ड्रिल बाहेर काढताना त्याचा चक टेलस्टॉकमधून निसटून कांडीबरोबर फिरू लागण्याचा धोका असतो. म्हणून टेलस्टॉकचे चाक उलट फिरवूनच ड्रिल सावकाश मागे घ्यावे आणि ते अडकल्यास प्रथम यंत्र बंद करावे.

शाळा आणि पंचायत

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची नयी तालीमची कल्पना पुढे आली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्थानिक कारागिरांसमवेत घालविण्याचे दहा दिवस दप्तराविना सुचविलेले आहेत. एवढ्या लहान मुलांच्या हाती लेथ देणे योग्य नाही. पण कारागिराचे काम पाहताना मध्यबिंदू, अक्ष, काटकोन, कोन व व्यास या भूमितीतील कल्पना त्यांना प्रत्यक्ष दिसू शकतात. एक अंशाचा कल किती नुकसान करतो, हे फळ्यावरील आकृतीपेक्षा वाया गेलेली कांडी अधिक ठसठशीतपणे सांगते.

पंचायतींच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) घटनेत आलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुउद्योग, खादी, ग्राम व कुटीर उद्योग तसेच तांत्रिक प्रशिक्षण व व्यवसाय शिक्षण या विषयांचा समावेश आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील टर्नर व्यवसायाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला लेथची मूलभूत माहिती असतेच. गावात अशा तरुणांसाठी एखादे लहान केंद्र उभे राहत असेल, तर त्याची पारख केवळ यंत्राच्या किमतीवरून करू नये. प्रशिक्षणार्थ्याने छिद्र पाडलेली कांडी हातात घ्यावी आणि दोन्ही टोकांशी छिद्राच्या चारही बाजूंची भिंत व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. मापे जवळजवळ सारखी आली तर प्रशिक्षण योग्य दिशेने चालले आहे. एखादी कांडी लांबीत चिरून पाहिल्यास छिद्राचा संपूर्ण मार्गच डोळ्यांसमोर येतो. अशा मोजमापांची नोंदवही प्रत्येक केंद्रात ठेवली गेली, तर प्रगती आणि उणिवा या दोन्ही गोष्टी आकड्यांत दिसतील.

महागडे यंत्र असले म्हणजे अचूक काम होते, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात साध्या लेथवरही टेलस्टॉकची तपासणी, काटकोनातील टोक, समान धारांचे ड्रिल, आरंभीची खळगी आणि वारंवार भुसा काढण्याचा संयम या पाच गोष्टी पाळल्या, तर सरळ छिद्र पाडता येते. यांतील एकीलाही मोठा खर्च येत नाही. ही शिस्त अंगी बाणलेल्या कारागिराच्या हातून चार लेखण्यांच्या लाकडात नऊ लेखण्या घडू शकतील आणि ग्रामीण भागातील लहान कार्यशाळेला ती आपल्या पायावर उभी करू शकेल.